रंगमंचावरचे यंत्र कोणाचे ऐकते?

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग सादर केला. मराठी रंगभूमीचा आरंभ या प्रयोगापासून मानण्याची प्रथा आहे, आणि म्हणूनच ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून साजरा होतो. त्या प्रयोगाला विजेचा दिवा नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. इतकेच काय, पाठ करून म्हणायचे संवादही नव्हते. सूत्रधाराने पदे गावीत आणि त्या पदांच्या अनुरोधाने पात्रांनी आयत्या वेळी भाषणे करावीत, अशी भावे यांच्या नाटकांची रीत होती. साहजिकच सूत्रधार कुठे थांबतो याकडे पात्राचे कान लागलेले असत आणि पात्र कितपत रंगले आहे याकडे सूत्रधाराचे लक्ष असे. एकमेकांचे ऐकत ऐकत पुढे जाणे हाच त्या प्रयोगाचा प्राण होता.

आज त्याच सांगलीतील एखाद्या नाट्यगृहात, साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा आपल्यासारख्या निवासी शाळेच्या स्नेहसंमेलनात दृश्य निराळे असते. पेटीच्या जागी लॅपटॉप असतो, तानपुऱ्याच्या जागी मोबाइल असतो, रंगवलेल्या पडद्याच्या जागी एलईडीची चकाकती भिंत असते. हे पाहून 'कला बुडाली' असे म्हणणारा एक वर्ग आहे आणि 'काळाबरोबर चालले पाहिजे' असे म्हणणारा दुसरा. दोघेही सर्व यंत्रांना एकाच मापाने मोजतात. वास्तविक पाहता प्रत्येक यंत्राला एक साधा प्रश्न विचारला, तर बराचसा गोंधळ दूर होतो. तो प्रश्न असा : हे यंत्र कलावंताचे ऐकते, की कलावंताला यंत्राचे ऐकावे लागते? प्रस्तुत लेखात आपल्या परिसरातील काही उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

'डिजिटल' म्हणजे नेमके काय?

आवाज म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन या कंपाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. डिजिटल यंत्र त्या चढउताराची अतिशय थोड्या थोड्या अंतराने मोजणी करते आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवते. सीडीवरील ध्वनिमुद्रणात एका सेकंदात ४४,१०० वेळा अशी मोजणी झालेली असते. गाणे अशा रीतीने आकड्यांची मालिका बनले, की त्यापासून दोन गोष्टी साध्य होतात. एक, ते गाणे कितीही वेळा, तसूभरही फरक न पडता पुन्हा वाजवता येते. दोन, त्या आकड्यांवर क्षणार्धात गणित करून आवाज उंच, मऊ, घुमणारा किंवा निराळ्याच वाद्यासारखा करता येतो.

रंगमंचावर येणारी बहुतेक डिजिटल साधने या दोन गुणांपैकी एकाचा उपयोग करतात. ज्याला आपण 'ट्रॅक' म्हणतो तो पहिल्या गुणाचा, म्हणजे हुबेहूब पुनरावृत्तीचा, परिपाक होय. डिजिटल मिक्सर आणि ऑक्टोपॅड ही दुसऱ्या गुणाची अपत्ये. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. पुनरावृत्ती करणारे यंत्र आधीच ठरलेले असते. घडत असलेल्या आवाजावर किंवा पडत असलेल्या टिपरीवर काम करणारे यंत्र समोरच्या माणसाची वाट पाहते.

मिरजेचा तानपुरा आणि खिशातला तानपुरा

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेले मिरज हे तंतुवाद्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे वाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडविण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ही कला आजपर्यंत चालविली आहे. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील मोठे, जाड सालीचे भोपळे, तूनसारखे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान यांतून येथील तानपुरा तयार होतो. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले. १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या परंपरेमुळेच.

तानपुऱ्याचा आवाज इतका भरून का येतो, याचे शास्त्रीय उत्तर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोधले होते. तानपुऱ्याची घोडी सपाट धारेची नसून किंचित वक्र असते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. तार कंप पावताना त्या वक्र पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर एकामागून एक उमलत राहतात. वाद्य बनविणारे कारागीर यालाच 'जवारी काढणे' म्हणतात. धागा केसभर सरकला तरी जवारी बिघडते किंवा खुलते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे खऱ्या तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर आधारलेली डिजिटल यंत्रे आली, आणि आता तर मोबाइलमध्येच तानपुरा असतो. याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पूर्वी गाणे शिकणाऱ्या गरीब घरच्या मुलाला स्वतःचा तानपुरा घेणे परवडत नसे. वसतिगृहाच्या खोलीत तो ठेवायला जागा नसे. आज त्या मुलाला पहाटे उठून, कोणाची वाट न पाहता, अचूक षड्जात रियाज करता येतो. सुराचे दार ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी या यंत्राने ते उघडले.

आता आपला प्रश्न विचारू. हा खिशातला तानपुरा गायकाचे ऐकतो का? ऐकत नाही, पण खरा तानपुराही गायकाच्या मागे धावत नाही. उलट गायकानेच त्याच्या स्वरात विलीन व्हायचे असते. म्हणजे या बाबतीत यंत्राने फारसे काही बिघडविलेले नाही. नुकसान झाले आहे ते दुसऱ्याच ठिकाणी. मैफलीत गवयाच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसत असे. बाजारात विकत न मिळणारी ती जागा होती. तेथे बसून शिष्य गुरूचा श्वास, विराम, चूक आणि चुकीतून बाहेर पडण्याची युक्ती हे सारे चार हातांच्या अंतरावरून ऐकत असे. मैफलीपूर्वी तारा जुळवताना त्याचा कान तयार होई. यंत्र आले आणि पुष्कळ ठिकाणी ती जागा रिकामी झाली. तानपुऱ्याचा आवाज टिकला, तानपुऱ्यामागचा विद्यार्थी उठून गेला.

तारा जुळविणे हे केवळ तांत्रिक काम नाही, हे बौद्ध परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अतिकठोर साधनेने खचलेल्या सोण नावाच्या भिक्षूला भगवान बुद्धांनी वीणेच्या तारांचेच उदाहरण दिले होते. तार फार ताणली किंवा फार ढिली ठेवली तर वीणा नीट वाजत नाही, हे सोणाला पूर्वायुष्यातील वीणावादनामुळे माहीत होते. ज्याने स्वतःच्या हाताने खुंटी पिळली आहे त्यालाच हा दृष्टांत खऱ्या अर्थाने कळतो. बटण दाबताच जुळलेला स्वर मिळणाऱ्याला 'फार' आणि 'थोडे' यांमधली ती बारीक जागा शोधावीच लागत नाही.

मिरजेच्या कारागिरांच्या दृष्टीनेही हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते. वाद्याला गिऱ्हाईक मात्र वादकच देऊ शकतो. तानपुरा छेडणारी मुले उरली नाहीत, तर जवारी काढणारा हातही उरणार नाही.

ढोलकी, ट्रॅक आणि 'वन्स मोअर'

तानपुऱ्याकडून तमाशाच्या बोर्डाकडे आलो, की यंत्राचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण येथे सगळा खेळ लयीचा आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी या मुलखाचा बराचसा भाग साताऱ्यातच मोडत असे. कृष्णा-वारणेच्या या काठाने मराठी लोककलेला जे दिले आहे, ते अजोड आहे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूराव यांचे गाव, वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी आपल्या सारखेपणाचाच विनोद करून अवघा महाराष्ट्र हसविला.

या तमाशात ढोलकीवाल्याची नजर नाचणारणीच्या पावलांवर असते. तिने गिरकी लांबवली, की त्याची थापही लांबते. ती थबकली, की तो तिहाईने तिला उचलून घेतो. हलगी त्याला उत्तर देते, तुणतुणे सूर धरून ठेवते, झीलकरी पद झेलतात. सोंगाड्या समोरच्या गावातील ताज्या घटनेवर जागच्या जागी टोला लगावतो आणि हशा ओसरेपर्यंत सरदार थांबतो. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, तर तीच ओळ पुन्हा येते, पण पहिल्यासारखी येत नाही. थोडी चढून येते.

याऐवजी ट्रॅक लावला तर काय होते? लय आधीच ठरलेली असते. नाचणाऱ्या मुलीचा तोल गेला तरी ट्रॅक थांबत नाही. टाळ्या पडल्या तरी तो दम घेत नाही. 'वन्स मोअर' आला तर गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागते, आणि ते तंतोतंत पहिल्यासारखेच असते. कलावंताने यंत्राचे ऐकायचे, यंत्राने कोणाचेही नाही, अशी ही एकतर्फी व्यवस्था आहे.

मात्र दोष 'डिजिटल' या शब्दावर टाकता येणार नाही. ऑक्टोपॅड हे पूर्णतः डिजिटल वाद्य आहे. त्याच्या आठ चौकटींवर टिपरी मारताच आत साठवलेला आवाज उमटतो. तरीही टिपरी कधी आणि किती जोराने मारायची हे वाजविणारा त्या क्षणी ठरवतो, म्हणून ते नर्तकीचे ऐकू शकते. उलट ऐंशीच्या दशकातील कॅसेट डिजिटल नव्हती, तरी तिच्यावर नाचणारा कलावंत आजच्या ट्रॅकवर नाचणाऱ्याइतकाच बांधलेला होता. नवे-जुने हा भेद वरवरचा आहे. ऐकणारे आणि न ऐकणारे हा खरा भेद आहे.

जलसा ते डीजे

तमाशाचा साचा घेऊन समाजप्रबोधन करणारे सत्यशोधकी जलसे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतून फिरले. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार वस्तीवस्तीत पोचविला. जलसाकाराचे सामर्थ्य त्याच्या गळ्यात जितके होते, तितकेच त्याच्या नजरेत होते. समोरच्या म्हातारीला मुद्दा कळला नाही असे दिसताच तो गाणे थांबवून दाखला देई, प्रश्न विचारी आणि मग पुन्हा पद उचली. त्याचा वारसा सांगणाऱ्या भीमगीतांच्या गायन पार्ट्यांतही पेटी, ढोलकी, कोरस आणि गायक हे सारे समोरच्या श्रोत्यांशी बोलत असत.

आज जयंतीच्या मिरवणुकीत हीच गीते डीजेच्या भिंतींमधून येतात. त्यामागचा उत्साह खरा आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, त्या आवाजात गीतातील शब्दही ऐकू येत नाहीत. आणि शब्दच हरवले तर प्रबोधनाचे गीत आणि इतर कोणतेही गीत यांत अंतर काय राहिले? ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातले आहेत. कायद्याचा भाग सोडला तरी, उत्तम ध्वनियंत्रणा ती, जिच्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळतो.

प्रकाश, पडदा आणि विलंब

आधुनिक प्रकाशयोजनेचे उदाहरण आशादायक आहे. १९८६ मध्ये रूढ झालेल्या 'डीएमएक्स ५१२' या पद्धतीमुळे एका तारेवरून ५१२ वाहिन्यांना आज्ञा देता येतात. कोणता दिवा किती उजळायचा, हे प्रसंगाप्रसंगानुसार आधीच साठवून ठेवले जाते. पण पुढच्या प्रसंगाचे बटण दाबणारा माणूस नटाकडे पाहत असतो. नटाने आज विराम दोन क्षण अधिक घेतला, तर दिवाही दोन क्षण थांबतो. आकडे यंत्राचे, पण वेळ माणसाची, अशी ही उत्तम विभागणी होय. एलईडीच्या भिंतीच्या बाबतीत मात्र सावध असावे. माणसाची दृष्टी सर्वांत उजळ वस्तूकडे जाते. भिंत कलावंताच्या चेहऱ्याहून अधिक चमकू लागली, की प्रेक्षक चेहरा पाहणे सोडून देतात.

आवाजाच्या वेगाचाही विचार आवश्यक आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मैदानात ३४ मीटर अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाला मंचावरचा शब्द एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मागच्या बाजूला लावलेल्या ध्वनिक्षेपकातून तोच शब्द विजेच्या वेगाने आधी पोचला, तर दोन आवाज एकमेकांवर आपटून घोटाळा होतो. डिजिटल यंत्रणा मागच्या ध्वनिक्षेपकाला नेमका तेवढाच उशीर करायला लावते आणि शब्द स्वच्छ होतो. येथे यंत्र कलावंताचे तर ऐकतेच, हवेचेही ऐकते.

याच विलंबाने २०२० च्या टाळेबंदीत मोठा धडा दिला. नाट्यगृहे बंद झाली, गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या, तमाशाचे फड जागेवर बसले. कलावंतांनी मोबाइलवरून एकत्र गाण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना आढळले, की एकाचा सूर दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ताल निसटलेला असतो. एकत्र वाजवणाऱ्यांमधील विलंब सुमारे २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की लय सांभाळणे अवघड होते. साध्या इंटरनेट संभाषणातील विलंब त्याच्या कितीतरी पट असतो. चित्र दिसत होते, आवाज येत होता, तरी मैफल जमत नव्हती, कारण एकमेकांचे ऐकण्याची ती सूक्ष्म वेळ हरवली होती.

शाळेच्या रंगमंचासाठी

या विवेचनातून आपल्यासारख्या निवासी शाळांना काही गोष्टी घेता येतील. पहिली, ट्रॅक सरावासाठी वापरावा, प्रयोगासाठी शक्यतो नको. दुसरी, प्रकाश आणि ध्वनी सांभाळण्याचे काम बाहेरच्या मंडपवाल्यावर सोपवून मोकळे न होता दोन विद्यार्थ्यांना त्याच्याजवळ बसवावे, आणि त्यांनी प्रत्येक तालमीला हजर राहावे. जो तालीम पाहत नाही तो नटाचा विराम ओळखू शकत नाही. तिसरी, रियाजाला मोबाइलचा तानपुरा खुशाल असावा, पण आठवड्यातून एकदा तरी खरा तानपुरा मुलांनी स्वतः जुळवावा. मिरज आपल्याला दूर नाही. कारागिराच्या कार्यशाळेत घालवलेला एक दिवस भौतिकशास्त्राच्या ध्वनिप्रकरणाला जिवंत करील.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सुटीत घरी जाणाऱ्या मुलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांच्या हलगीचे ठेके, गावातील जुन्या गायन पार्टीची पदे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणावीत. गाणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि नाव, गाव व तारीख न विसरता लिहावी. हुबेहूब साठवून ठेवणे हा डिजिटल यंत्राचा जो गुण मंचावर अडचण करतो, तोच येथे वरदान ठरतो. ज्यांच्या कलेची नोंद ग्रंथांनी क्वचितच घेतली, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज नोंद ठेवण्याचे साधन आले आहे.

शेवटी एक साधा हिशेब मांडतो. ट्रॅकवर बसवलेल्या लोकनृत्याला आठ नाचणारी मुले लागतात आणि बटण दाबणारा एक. तेच नृत्य जिवंत साथीवर बसवले, तर ढोलकी, हलगी, पेटी, तुणतुणे, मंजिरी, गाणारी आणि दोन झीलकरी अशी आणखी आठ मुले मंचावर येतात. त्यांपैकी एखादा अभ्यासात मागे असेल, एखादी मुलगी लाजाळू असेल, एखाद्याच्या घरी चार पिढ्या हलगी वाजली असेल आणि शाळेत त्याने ती गोष्ट कधी कोणाला सांगितली नसेल. त्या दिवशी सगळ्या शाळेला त्याच्या थापेकडे कान लावून उभे राहावे लागेल.